वाईट बातमीचा मान

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा. त्याशिवाय ही मंडळी मोकळी व्हायची नाहीत," खुशालराव म्हणाले.

सबीहा उठून बाहेर गेली. अकोल्याच्या त्या बियाणे कंपनीत ती आता विभागाची मॅनेजर होती. तिच्याआधी त्याच खुर्चीत खुशालराव होते, चांगली बावीस वर्षं. मग त्यांनी नोकरी सोडली, अमरावतीला घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं आणि 'कार्यसंस्कृती सल्लागार' अशी कार्डं छापली. तिवशाच्या एका व्यापाऱ्यानं कार्ड वाचून गणपतीत ऑर्केस्ट्राचं काय घेता म्हणून विचारलंही होतं. तेवढं सोडलं तर आजचं हे शिबिर त्यांचं पहिलंच काम.

त्यांनी विभागातल्या प्रत्येकापुढे कोरी चिठ्ठी ठेवली. "साहेबाच्या तोंडावर जे बोलता येत नाही, ते लिहा. नाव टाकू नका. बिलकूल घाबरू नका."

कोणी पेनाला हात लावला नाही.

"मॅडमले काहून बाहेर काढलं, साहेब?" सूर्यभान म्हणाला. बार्शीटाकळीकडची विक्री तो पाहत असे. "मले त्यायच्याशीच तं बोलाचं हाय." आणि त्यानं स्वतःच उठून दार उघडलं. "मॅडम, या अंदर."

सबीहा येऊन बसली. "बोला, सूर्यभानभाऊ."

"सोयाबीन उगवलंच नाही. अर्ध्या तालुक्यात वावरं कोरीच्या कोरी हायेत. लोकं दुकानासमोर बियाण्याच्या थैल्या आणून फेकून राहिले. काल माही गाडी अडवली. अन् त्यायचं बराबर हाय."

"खोल पेरलं असेल काय?"

"पेरनीले नाव ठेवू नका. मालच खराब. मी तवाच म्हनलो होतो, त्या टिनाच्या गोदामात थैल्या ठेवू नका म्हनून. तुमी ऐकलं नाही. चूक तुमची हाय."

खुशालराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. आता काय होणार ते त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

सबीहानं ओढणी सारखी केली. "हो. चूक माझीच. माल आजच परत उचला, बदली थैल्या द्या. वर काय सांगायचं ते मी पाहते." मग म्हणाली, "पण गाडी काल अडवली ना? मग आज काहून सांगता?"

"काल तुमच्यावर लय राग होता."

खोली खदखदून हसली. सबीहाही हसली.

खुशालरावांच्या पोटात दुखू लागलं, आणि त्यात सकाळच्या कचोरीचा काही दोष नव्हता. गोदाम तेच होतं, टिन तेच, अकोल्याचं ऊनही तेच. पण त्यांच्या कारकिर्दीत एकसुद्धा बी वाया गेलं नव्हतं. निदान ऑफिसात तरी. बाहेर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या समितीच्या गाड्या शेतकऱ्याचं काय बिघडलं ते पाहायला धुरळा उडवीत यायच्या, सकाळचा पेपर उघडायची हिंमत होत नसे; मात्र खुशालरावांच्या टेबलावर चहा गरम आणि बातमी हिरवीगार यायची. त्यांच्या निरोपाला लोक दोन तास बोलले होते. या सूर्यभानचं भाषण तर रडू आल्यानं अडलं होतं. त्या भाषणावर खुशालराव आजवर सुखानं झोपत आले होते.

केबिन गेली, गाडी गेली, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण हे? काल-परवाची पोरगी, जिची मुलाखत आपण घेतली, जिला आपण कामाला लावलं, तिच्या तोंडावर माणसं भांडतात, तिच्यावर रागावतात, रात्र काढून सकाळी पुन्हा तिच्याकडेच येतात. आणि आपल्याला बावीस वर्षांत कोणी साधी शिवी दिली नाही!

पुढचा तासभर त्यांनी फळ्यावर झाड काढून विश्वासाची मुळं समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. टाळ्या तर त्यांच्या वेळी पडत तशाच पडल्या.

सुटल्यावर त्यांनी सूर्यभानला व्हरांड्यात गाठलं.

"सूर्यभान, आता मी काही तुझा साहेब नाही. खरं सांग. माझ्या वेळीही माल त्या गोदामात तापतच असेल ना रे?"

"नाही बा! तुमच्या वेळची गोष्टच निराळी, साहेब."

"बरं, आजचं राहू दे. आज माझं काय चुकलं? एखादी तरी चूक सांग. एकच." हे आपण विनवणीच्या सुरात बोलतो आहोत, हे खुशालरावांना बोलून झाल्यावर कळलं.

घरी आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं सूर्यभाननं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं.

"चूक कायची, साहेब? लय भारी सांगितलं तुमी. असेच येत जा."

मग तो केबिनमध्ये गेला. काचेपलीकडे सबीहानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि काहीतरी विचारलं. सूर्यभान बोलू लागला. बराच वेळ बोलला. एकदा त्यानं फळ्याच्या दिशेनं हात केला, तेव्हा सबीहानं ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. खुशालराव काचेजवळ सरकले. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

बोलता बोलता सूर्यभानची नजर बाहेर गेली. तो ताडकन उठून उभा राहिला, आणि काचेतूनच त्यानं त्यांना अदबीनं हात जोडले.