शालीखालचा हात

“आत्या, हात शालीखाली घे,” चित्रकार म्हणाला.

आत्याने घेतला नाही. उजवा हात तिने तसाच मांडीवर उघडा ठेवला. तरुणपणी कारखान्यातल्या यंत्रात सापडलेला हात. चित्रकाराने तो जन्मभर इतक्या वेळा पाहिला होता की आता तो त्याला दिसतही नसे.

“याची लाज वाटते का रे तुला?” आत्याने विचारलं.

चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईविना पोराला या बाईने लहानाचं मोठं केलं, आणि तिचीच लाज? खरी गोष्ट निराळी होती, पण ती सांगायची म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. या नामवंत चित्रकाराला माणसांचे हात काढता येत नव्हते. चेहरा असा उतरवायचा की घरचे लोक डोळे पुसत. हातापाशी आला की सगळी विद्या गुल. हात कुणाचाही असो, करंगळी बाहेर पळायची आणि अंगठा आत दडून बसायचा. “हा हात आहे की आल्याचा तुकडा?” असं कलाशाळेतल्या मास्तरांनी भर वर्गात विचारलं होतं. तेव्हापासून गडी हुशार झाला. डॉक्टरांचे हात खिशात गेले, वकिलांचे पाठीमागे, नवरीचे फुलांखाली. जाणकारांनी याला संयम म्हटलं. त्यानेही गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.

पण आत्याला काय सांगणार? दुसरी कुठली सबब तिला पटली नसती. उरलेलं आयुष्य ती त्याच्यासमोर हात पदराखाली घेऊन वावरली असती. ते त्याला सोसलं नसतं.

त्याने कोळशाची कांडी उचलली. चेहरा झाला, खांदे झाले, शालीच्या घड्या उगाचच दोनदा झाल्या. मग पळवाट उरली नाही. श्वास रोखून, एकदाचं उरकावं म्हणून त्याने हात काढून टाकला. करंगळी पळाली. अंगठा दडला. व्हायचं तेच झालं.

त्याने चित्राचा फळा तिच्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“हात मला येतच नाहीत, आत्या. सगळ्यांचेच असे वाकडे येतात. म्हणून शालीखाली घे म्हटलं.”

मागे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज झाला. न राहवून तो वळला. आत्याने चष्मा लावला होता आणि आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरला होता. करंगळी बाहेर, अंगठा आत. तो एकदा इकडे पाही, एकदा तिकडे.

“येणार कसे?” आत्या म्हणाली. “लहानपणी कागद घेऊन माझ्यासमोर बसायचास आणि दिवसभर हाच काढायचास. दुसऱ्या कुणाचा हात तू कधी नीट बघितलास?”