सातवा रकाना

"सातवा रकाना कोरा आहे," दादा म्हणाले आणि त्यांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला. "रकाना कोरा असला की अर्ज बाद. नियम सगळ्यांना सारखा."

सातव्या रकान्यात विचारलं होतं, पालकांचं शिक्षण कोणत्या कारणाने सुटलं? तो रकाना त्यांच्या बहिणीच्या, ताईंच्याच डोक्यातून निघालेला. वडिलांच्या नावाने निधी काढला तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, ज्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, अशीच मुलं आपण शोधायची. तेव्हापासून दरवर्षी निकाल लागला की दोघं भावंडं वडिलांच्या जुन्या बैठकीच्या खोलीत टेबल मांडून बसत. मागच्या भिंतीवर वडिलांचा, म्हणजे गावच्या हेडमास्तरांचा फोटो आणि त्याखाली शाळेने दिलेला फलक, सलग अकरा वर्षं निकाल शंभर टक्के.

समोर मुलगी आणि तिची आई. आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. मुलगी शाळेत तिसरी आलेली. पण शिकवणी नाही, ओळखपाळख नाही, कॉलेजच्या गावी राहायला जागा नाही. निधीने हात दिला नाही तर सोमवारपासून तीही लाँड्रीत जाणार होती. मुकादमाशी बोलणंसुद्धा झालेलं.

"अहो, सांगा की," दादा म्हणाले. "यात लाजायचं काय? दहावीपर्यंत आलात, मग परीक्षेला का नाही बसलात?"

"राहून गेलं."

"राहून गेलं असं कसं लिहिणार?"

आई मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढत बसली. मुलीला ते बघवेना.

"हेडमास्तरांनी तिचा फॉर्मच पाठवला नाही," ती म्हणाली. "सराव परीक्षेत गणितात उडाली म्हणून. शाळेचा निकाल खाली येईल म्हणाले. त्या वर्षी नऊ जणांना घरी बसवलं."

"गप्प बस गं." आईने तिचा दंड धरला. "लहान आहे साहेब, कुणाचं तरी ऐकते नि बोलते. सर देवमाणूस होते."

दादांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. तेव्हा ते बाहेरगावी शिकायला होते. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. ताईंना होतं. फार कशाला, आईने आत पाऊल टाकलं तेव्हाच ताईंनी तिला ओळखलं होतं, आणि ओळखच नसल्यासारखं अर्जात डोकं खुपसलं होतं. अख्खं वर्ष दोघी एका बाकावर बसलेल्या. सराव परीक्षेत गणितात दोघीही उडाल्या. ताईंना तर तिच्याहून चार मार्क कमीच पडले. तरी ताईंचा फॉर्म गेला. हेडमास्तरांच्या मुलीचा फॉर्म अडवायची कुणाची छाती होती?

"घरगुती अडचण," दादा शेवटी म्हणाले. "तसं लिहून टाकू. बाबांच्या नावाचा निधी, त्याच्याच कागदावर भलतंसलतं नको."

"लिहा ना, तेच लिहा," आई घाईघाईने म्हणाली. "माझी काही तक्रार नाही."

पेन ताईंच्या हातात होतं. आता तरी बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण जीभ उचलेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशा अवस्थेतही त्यांनी लिहिलं, 'घरगुती अडचण.' अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

दादांनी मंजुरीचा शिक्का मारला आणि ते वसतिगृहाची चिठ्ठी द्यायला मुलीला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. आत दोघीच उरल्या.

"तू..." ताई म्हणाल्या आणि अडखळल्या. "तुम्ही मला ओळखलंत?"

"ओळखणार नाही होय, ताई?"

ताई म्हणे! एके काळी अगं-तुगं करायची, दुपारच्या सुट्टीत हक्काने ताईंचा डबा उघडायची.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ताई म्हणाल्या. "बाबांशी. माझे मार्क तर तुमच्याहूनही..."

"जाऊ द्या हो. पोरीचं काम झालं, मी भरून पावले." आईने पिशवी काखेला लावली, पण ती उठली नाही. "एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचार."

"तो गणिताचा पेपर. त्या वर्षीचा. कसा होता हो?"

फार अवघड होता, सगळा वर्ग रडकुंडीला आला होता, असं सांगता आलं असतं. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं असतं. ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. पण आज एक खोटं लिहून झालेलंच होतं.

"सोपा होता," ताई म्हणाल्या. "खूपच सोपा होता."

आईने हळूहळू मान हलवली.

"वाटलंच होतं मला."