सोमवारचा जनरेटर

बाई टेबलावर होती, पोट उघडलेलं, आणि वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला नि गप्प झाला. सिस्टरांनी मोबाइलचे उजेड धरले. डॉक्टर अष्टपुत्र्यांनी त्यातच टाके घातले. बाई वाचली.

बाहेर नवऱ्याने पाय धरले, "देवमाणूस आहात, साहेब!" डॉक्टरांनी पाय मागे ओढले.

इस्पितळाचा प्रमुख डॉक्टरच हवा, म्हणून सह्या गोळा करून त्यांनीच आधीच्या प्रमुखांना, कुरण्यांना, खुर्चीवरून उठवून भांडारात बसवलं होतं. कुरणे डॉक्टर नव्हते, पण दर सोमवारी जनरेटर स्वतः चालवून बघायचे. "प्रमुख की वायरमन?" डॉक्टर सगळ्यांदेखत हसले होते. पुढे तो सोमवार कधी उजाडलाच नाही.

डॉक्टर जनरेटरपाशी गेले. तिथे कुरणे होते, हात कोपरापर्यंत काळे. यंत्र नुकतंच घरघरू लागलं होतं.

"कुरणे, मी..."

"ते राहू द्या. आधी सांगा, बाई कशी आहे?"