बाळ गेलं

“बाळ गेलं,” बायको म्हणाली आणि थांबली. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवरून कोणीही तिच्या मदतीला धावले नाही. या बैठकीचा रिवाजच तसा होता. इथे येणाऱ्या प्रत्येकाने आपले तान्हे मूल गमावले होते, आणि बोलणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने पुरे करायचे नाही, एवढे सगळे पाळत.

खोली एरवी नृत्याच्या वर्गाची. एक भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशाची. जुनी मंडळी आरशाकडे पाठ करून बसली होती. नव्यांना हे कोणी सांगत नाही, त्यामुळे हे नवरा-बायको नेमके आरशासमोर आले होते. बायको जमिनीकडे बघत बोलत होती. नवरा आरशातल्या तिच्याकडे बघत होता.

“नाव ठेवलं होतं का?” ताईंनी विचारले. ताई केस कापण्याचे दुकान चालवत. त्यांची जुळी गेली त्याला बरीच वर्षे झाली होती आणि ही बैठक त्यांनीच सुरू केली होती.

“नाव कसलं ठेवणार? मुलगा होता की मुलगी, तेच मला माहीत नाही. मी भुलीतून बाहेर आले तोवर सगळं उरकलं होतं. आधी विचारायचं धाडस झालं नाही. नंतर वाटलं, हा आपणहून सांगेल.”

नवऱ्याचे कान तापले. तो गाड्या रंगवणारा कारागीर. बोलण्यात पहिल्यापासून बेताचा. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आईने त्याचा हात धरून बजावले होते, “मुलगा की मुलगी, ते तिला कळू देऊ नकोस. कळलं की चेहरा उभा राहतो डोळ्यांपुढं. नुसतं बाळ म्हण. पुसट राहील, लवकर विसरेल.” आई मायेनेच सांगत होती, म्हणून त्याने ऐकले. तेव्हापासून घरात, फोनवर, डॉक्टरांपुढे तो एकेक शब्द तोलून बोलत आला होता. बाळ गेलं. ते अशक्त होतं. त्याला वाचवता आलं नाही. इतके सांभाळून त्याने कोणाची नवी कोरी गाडीही कधी रंगवली नव्हती. आता दिवस असे उलटले होते की खरे सांगण्यापेक्षा इतके दिवस न सांगितल्याचीच भीती मोठी झाली होती. बायको एकदा उठून गेली तर परत यायची नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

“पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही हं,” त्याची चुळबुळ पाहून समोरचा बसचालक म्हणाला. “मी तर सुरुवातीला नुसता चहा पिऊन घरी जायचो.”

“नुसता चहा?” बसचालकाची बायको म्हणाली. “आणि बिस्किटांचे पुडे कोण संपवायचं?”

दोघेतिघे हसले. नवराही हसला, आणि तेवढ्याने त्याच्या आतले काहीतरी सैल पडले.

“तुम्ही पाहिलं होतं का हो बाळाला?” बसचालकाने विचारले.

“पाहिलं. हातात दिलं होतं मला.” तो आपल्या हातांकडे बघू लागला. “गॅरेजमधून तसाच पळत आलो होतो. हाताला सगळा लाल रंग. नर्स म्हणाली, आधी हात धुऊन या. घासघास घासले. रंग गेला, पण थिनरचा वास काही जाईना. टॉवेलात गुंडाळलं होतं. कपाळावर केस आले होते, दाट, ओले. वाटलं, जरा मागे सारावेत. पण बोट लावायचा धीर होईना. म्हटलं, तिला वास येईल.”

तो आणखी बोलणार होता. आरशात बायकोने मान वर केलेली त्याला दिसली.

“परत म्हण,” ती म्हणाली.

“थिनरचा वास...”

“वासाचं नाही.”

बसचालक काही बोलणार, तोच ताईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

“तिला,” नवरा म्हणाला.

बायको रडली नाही. “आणखी कोणाकोणाला माहीत आहे?”

“आईला. दादा-वहिनींना.”

“आणि वहिनी मला रोज फोन करून विचारतात, जेवलीस का म्हणून. म्हणजे घरात माहीत नसलेली मी एकटीच राहिले होते.”

“आई म्हणाली, तुला त्रास...”

“आईंचं मी आईंशी बघून घेईन. तू सांग. रोज माझ्या शेजारी झोपून तू ‘ते बाळ, ते बाळ’ करत होतास?”

ती उठली. आता ही निघाली, असे समजून त्याने खाली ठेवलेली तिची पर्स उचलली आणि पुढे केली. तिने ती घेतली नाही. तिने आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि त्याच्या पुढ्यात इतक्या जवळ ठेवली की बसताना तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागले. भोवतालची माणसे आहेत की नाहीत, याचे तिला भान नव्हते.

“कान कसे होते तिचे?”

त्याने आठवून पाहिले. खोटे बोलणे सोपे होते.

“कान टॉवेलात होते.”

“बरं,” ती म्हणाली. “मग जेवढी दिसली तेवढी सांग.”