सुनीतीकाकूंचा लॅपटॉप

“राहू दे गं, बंदच बरा आहे तो,” शेजारच्या सुनीतीकाकू म्हणाल्या होत्या. मला वाटलं, माझ्या कडेवर लहान लेक, मला त्रास नको म्हणून म्हणताहेत. दिवाळीपासून त्यांचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता. टोरांटोतल्या मुलाचं, सलिलचं, कोणी विचारलं की म्हणायच्या, “तो बिचारा करत असेल व्हिडिओ कॉल, आमचंच यंत्र झोपलंय.”

त्यांच्या कपाटातली विंडोजची जुनी सीडी घालून पाहिली. ती नुसतीच घरघरली. लॅपटॉप सीडीवरून सुरू व्हायलाच तयार नव्हता. मग मी घरी जाऊन पेनड्राइव्ह तयार करून आणला आणि विंडोज नव्यानं टाकली. तेवढा वेळ काकू माझ्या लेकीला खेळवत होत्या, स्क्रीनकडे एकदाही न बघता.

शेवटी त्यांचं व्हिडिओ कॉलचं खातं उघडलं. लॅपटॉप बंद असताना आलेले मिस्ड कॉलही तिथे दिसतात. शेवटचा कॉल दिवाळीतला होता, तोही काकूंनीच केलेला. त्यानंतर काहीच नव्हतं.

“झाला का सुरू?”

“हो काकू.”

“मग आता लोकांना काय सांगू?” म्हणत त्यांनी लेकीला माझ्याकडे दिलं आणि लॅपटॉप मिटला.

मी आता वाघोलीला राहते. लेकीला घेऊन काकूंकडे इतक्या लांब जाणं होत नाही. तुम्ही सदाशिव पेठेत जाणार असाल, तर त्यांच्याकडे जरा डोकावून याल का? “काय काम होतं?” असं दारातच विचारतील. काम काही नाही म्हणा, आणि बसा.