मुळासकट

तीस वर्षं टपाल वाटता वाटता झाडं ओळखायला शिकलेल्या धाकोजीला आज स्वतःच्याच नावाचं पत्र आलं. शहरातल्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही पाठवलेलं रोप जगाला नवीन आहे. ते कुठे उगवतं, दाखवा.’

“मग बोलवा की त्यांना,” बायको म्हणाली.

“बोलवून काय दाखवू?” गावामागच्या अख्ख्या कातळसड्यावर, त्या उघड्या खडकाळ पठारावर, ते एकच रोप सापडलं होतं. आणखी असतीलच म्हणून त्यानं नमुना पाठवायच्या रीतीप्रमाणे ते मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबलं. नंतरचे दोन पावसाळे त्यानं रांगत रांगत सडा पालथा घातला, पण दुसरं मिळालं नाही.

बायकोनं पत्र उलटून मागची ओळ वाचली. “अहो, त्याला तुमचंच नाव देतायत.”

धाकोजी चष्मा पुसू लागला. मग म्हणाला, “नको म्हणून कळवता येईल का गं?”