सूट झालेली क्रीम

"पाय दाखव," नाजनीन म्हणाली.

सुनिता बुचकळ्यात पडली. ती तोंडाला लावायच्या क्रीमची नवी डबी घ्यायला आली होती. तिची आई बुधी दारातच उभी होती. कशेळ्याच्या नाक्यावरचं नाजनीनचं पार्लर म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि एक काचेचं कपाट. इथं पायांचं काय काम, बुधीला कळेना.

"पाय कशाला, भाभी?"

"दाखव गं."

सुनिताने सलवार वर ओढली. नाजनीन खाली बसली. तिने घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला. कातडीत खळगा पडला. तो तसाच राहिला. नाजनीन त्याच्याकडं बघत राहिली.

"कधीपासून सुजतात?"

"दहा-पंधरा दिस झालं," बुधी म्हणाली. "सकाळी डोळे पण सुजतात. लावणीला पाण्यात उभी होती ना, त्यानं असंल."

नाजनीन उठली. खुर्चीत एक बाई एक भुवई कोरून बसली होती. तिला तशीच उठवलं, बाहेर काढलं आणि शटर खाली ओढलं.

"चला. कर्जतला डॉक्टरकडं जायचंय. आत्ता."

"आता गं? भात लावायचं राहिलंय आमचं."

"मावशी, चल म्हणते ना मी!"

तिचा आवाज फाटला तशी बुधी सुनिताला घेऊन नाक्यावरच्या जीपमध्ये चढली.

सुनिता माथेरानच्या एका हॉटेलात कामाला होती; लावणीपुरती घरी आली होती. आधी भांडी, मग खोल्या झाडणं. मग मॅनेजर म्हणाला, तोंड जरा नीट ठेवलंस तर जेवणघरात वाढायला घेतो. तेव्हापासून पोरीने काय काय लावलं होतं. एका क्रीमने गाल भाजल्यासारखे झाले. दुसरीने पुटकुळ्या उठल्या. बुधीने बेसन-हळद लावून दिली, तर खाज सुटली. शेवटी नाजनीनने ही डबी दिली आणि पंधरा दिवसांत तोंड उजळलं. वाडीतल्या बाया वळून बघायला लागल्या. बुधीला बरं वाटलं होतं. देवाच्या पाया पडली होती ती.

जीपमध्ये नाजनीन सुनिताच्या कानाशी वाकली.

"लघवीला फेस येतो का गं?"

सुनिताने मान खाली घातली. "येतो."

नाजनीनने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते, ती दुवा मागत होती. ते बघून बुधी चमकली. परक्याच्या पोरीसाठी एवढं कोण घाबरतं? हिला काहीतरी ठावं हाय. बुधी विचारणार, तोवर जीप दवाखान्याशी थांबली.

दवाखान्यात लघवी तपासली, रक्त घेतलं, पुन्हा बाकावर बसवलं. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी तिघींना आत बोलावलं.

"हिच्या मूत्रपिंडांना मार बसलाय. अंगातली ताकद लघवीवाटे वाहून जातेय." ते सुनिताकडं वळले. "तोंडाला काय लावतेस?"

सुनिताने नाजनीनकडं बघितलं. बुधीनेही बघितलं. नाजनीनने पर्स उघडली आणि एक डबी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती फिरवून फिरवून बघितली. नाव नाही, गाव नाही, आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही.

"तपासायला पाठवतो. पण बहुतेक यात पारा आहे. असे पेशंट मी बघितलेत. वरून कातडी उजळते, आणि पारा रक्तात उतरून मूत्रपिंडं खातो."

बुधीने नाजनीनचं मनगट पकडलं. पकड अशी की बांगडी रुतली.

"तू दिलंस हे?"

"मीच दिलं, मावशी. दोन महिने झाले."

"ठावं होतं तुला?"

"देताना नव्हतं. एक माणूस आणून द्यायचा. सगळ्यांना चालतं म्हणायचा."

बुधीचा दुसरा हात वर गेला होता. डॉक्टर मध्ये बोलले.

"बाई, ऐका. दोनच महिने लावलंय हिने. आजपासून बंद. औषधं चालू करू, तब्येत बघत राहू. बहुतेक बरी होईल ती."

बुधीचा हात खाली आला. तिला रडू फुटलं. सुनिता तिच्या खांद्याला बिलगली. आता नाजनीनही मोकळा श्वास घेईल असं बुधीला वाटलं. पण मनगट अजून तिच्या मुठीत असतानाच नाजनीन टेबलावर पुढं वाकली.

"डॉक्टर," नाजनीन म्हणाली, "कुणी वर्षभर लावलं असेल तर?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तर त्या पेशंटला आजच्या आज आणा. कोण आहे?"

नाजनीन बुधीकडं वळली.

"कुणाला द्यायच्या आधी मी घरी लावून बघितलं, मावशी. माझ्या पोरीला, मिस्बाला. दहावीला हाय ती. तिला काहीच सूट होत नव्हतं, हे झालं. आज सकाळी तिच्या पायात शाळेचे बूट जाईनात. लघवीला फेस येतो म्हणाली." तिचा आवाज पार खाली गेला. "डॉक्टर काय सांगतील ते ऐकायचा धीर नव्हता मला. म्हणून आधी तुझ्या पोरीला आणलं."